इम्पिरिकल डेटा फक्त आमच्याकडेच मागायचा?

३२३ विरुद्ध ३. ८ जानेवारी २०१९ च्या रात्री लोकसभेच्या फलकावर हे आकडे उमटले, तेव्हा मी वर प्रेक्षक गॅलरीत बसले होते. दिल्लीत एम.ए. करत होते. हिवाळी अधिवेशनाचा ठरलेला शेवटचा दिवस म्हणून मैत्रिणीने पास मिळवले होते. त्या दिवशी सवर्णांच्या आर्थिक आरक्षणासाठी घटनादुरुस्ती होणार, हे पाससाठी अर्ज करताना आम्हाला माहीत नव्हतं. कसं असणार? मंत्रिमंडळाचा निर्णय ७ तारखेचा. ८ ला विधेयक मांडलं आणि त्याच रात्री मंजूर केलं. ९ ला राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. १२ ला राष्ट्रपतींची सही, १४ पासून लागू. आमच्याकडे जात पडताळणीच्या फाईलला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला याहून जास्त दिवस लागतात.

गॅलरीत शिरण्याची रीत तुम्हाला माहीत असावी. पाससाठी खासदाराची सही लागते, आणि आपण पाहुण्याला व्यक्तिशः ओळखतो असं त्या खासदाराने लिहून द्यायचं असतं. आपल्यापैकी किती जणांच्या घरच्यांना खासदार व्यक्तिशः ओळखतो? लोकसभेच्या नियमांत प्रेक्षकांसाठी वापरलेला इंग्रजी शब्दच मुळी ‘स्ट्रेंजर्स’ आहे, म्हणजे परकी माणसं. ब्रिटिश संसदेकडून घेतलेला शब्द. मोबाईल, वही, पेन, सगळं बाहेर ठेवायचं. टाळी वाजवायची नाही, पुढे वाकून बघायचं नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला नोंद घ्यायला बंदी! म्हणून आकडे तोंडपाठ करत बसले.

घटनादुरुस्ती असल्यामुळे आवाजी मतदान चालत नाही. घंटा वाजते, लॉबी रिकाम्या करतात, दारं बंद होतात, मग प्रत्येकाने आपापल्या जागेवरून बटण दाबायचं. हे एकदा नाही, कलमागणिक होतं. प्रत्येक वेळी फलकावर एका बाजूला शेकड्यांत आकडा, दुसऱ्या बाजूला बोटांवर मोजण्याएवढा. अण्णा द्रमुकचे सदस्य सभात्याग करून गेले होते. असदुद्दीन ओवैसींनी विरोध केला. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवा म्हणणाऱ्या काँग्रेसनेही शेवटी बाजूनेच मत दिलं.

आता मुद्द्याचं. २००६ च्या नागराज निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी सरकारकडे मोजता येईल असा पुरावा मागितला. मागासलेपण दाखवा, अपुरं प्रतिनिधित्व दाखवा, प्रशासनाची कार्यक्षमता घटत नाही हेही दाखवा. मागासलेपणाची अट हटायला २०१८ उजाडलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी जागांचं काय झालं ते ताजंच आहे. २०२१ च्या निकालानंतर ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द पानटपरीवरही ऐकू येत होता. सवर्णांच्या दहा टक्क्यांसाठी मात्र हा शब्द त्या सभागृहात कुणाला अडवू शकला नाही.

बरं, माहिती नव्हती असंही नाही. सरकार ज्या सिन्हो आयोगाचा हवाला देतं, त्याचा अहवाल २०१० चा. दारिद्र्यरेषेखाली अनुसूचित जमातींचे ४८.४ टक्के, अनुसूचित जातींचे ३८ टक्के, ओबीसींचे ३३.१ टक्के लोक; खुल्या प्रवर्गातले १८.२ टक्के. म्हणजे ‘आर्थिक दुर्बलां’साठी कायदा करायचा आणि सगळ्यात दुर्बल असलेल्यांनाच त्यातून वगळायचं. २०२२ मध्ये न्या. रवींद्र भट आणि सरन्यायाधीश उदय लळित यांनी अल्पमताच्या निकालात नेमक्या याच वगळण्यावर बोट ठेवलं. निकाल ३ विरुद्ध २ असा लागला.

आणि दुर्बल कोण? वर्षाला आठ लाखांच्या आत कमावणारं कुटुंब. त्याच वर्षी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा होती अडीच लाख. तुमचे वडील तीन लाख मिळवत असतील तर तुम्ही शिष्यवृत्तीसाठी श्रीमंत. शेजारच्या घरात साडेसात लाख येत असतील तर ते आरक्षणासाठी गरीब. हे आठ लाख आले कुठून, हे सर्वोच्च न्यायालयाने नीटच्या प्रकरणात विचारलं, तेव्हा सरकारने समिती नेमली. नोव्हेंबर २०२१ मध्ये. कायदा झाल्यावर पावणेतीन वर्षांनी!

सवर्णांत गरीब नाहीत का, असं कुणी विचारेल. आहेत. त्यांना शिष्यवृत्ती द्या, वसतिगृह द्या, फी माफ करा, माझी तक्रार नाही. पण खुर्चीवर बसण्यापासून त्यांना जातीमुळे कुणी कधी अडवलं? आरक्षण त्या खुर्चीसाठी आहे, गरिबी हटवायला नाही. हे आपण वसतिगृहातल्या प्रत्येक वादात सांगतो, आणि आपले खासदार सभागृहात विसरतात.

माझा खरा राग इथे आहे. लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ आणि जमातींच्या ४७ जागा राखीव आहेत, मिळून १३१. आणि विरोधात मतं किती? तीन. रामविलास पासवानांसारखा मंडलच्या लढाईतला नेता पाठिंब्याला उभा राहिला. राज्यसभेत बसपाही बाजूनेच होती. व्हिप मोडला तर खासदारकी जाते, मान्य. पण आमच्या गरिबांना का वगळता, आकडे कुठे आहेत, हे भाषणात विचारायला कोणता व्हिप आडवा येतो? संयुक्त मतदारसंघात निवडून यायला सवर्णांची मतं लागतात, पुणे करारापासूनचं हे दुखणं आहे. ते समजावून घेता येईल, पण त्याच्याआड लपता येणार नाही.

कुणी काय मत दिलं हे गुपित नसतं. लोकसभेच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात नावानिशी यादी असते, होय आणि नाही अशी, आणि ती संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. आपापल्या मतदारसंघाचं नाव काढून बघा, आणि त्या खासदारांना पत्र लिहून कारण विचारा. आमचा मतदारसंघ राखीव आहे. मी लिहिलं होतं. उत्तर आलेलं नाही. मी दुसरं पत्र टाकलं आहे.