ग्रहणात काय चिरलंस?

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्या नातेवाईकांना रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

आमच्या नात्यातल्या एका सुनेला (तिला विचारूनच लिहितेय) एप्रिल 2023 च्या मध्यावर मुलगा झाला. दिवस पूर्ण भरून. वरचा ओठ दुभंगलेला. बाळ बघायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ग्रहणात काय चिरलंस गं?" 25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण होतं ना! तिने त्या संध्याकाळी कोथिंबीर निवडली होती म्हणे. निवडली हं, चिरलीसुद्धा नाही. पण निकाल लागला.

आता बोटांवर हिशोब करू. एप्रिलच्या मध्यावर बाळ, म्हणजे गर्भ राहिला जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. बाळाचा वरचा ओठ एकसंध तयार होत नाही. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मधल्या भागाकडे सरकतात आणि जुळतात. हे काम गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं. म्हणजे तो ओठ जुळायचा राहिला तो सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच. ग्रहण लागलं त्यानंतर दीड महिन्याने! सूर्याने मागच्या तारखेने शिक्षा दिली म्हणायचं का?

आणि असं मूल दर सातशे ते हजार जन्मांमागे एक, जगभर, रोज जन्माला येतं. ग्रहण काय रोज असतं?

मग कारण काय? बहुतेकदा एकच एक कारण नसतं. काही जनुकं, काही परिस्थिती. जनुकं बापाकडूनही येतात, पण "तू काय चिरलंस" असं त्याला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. तंबाखू-सिगारेट, गरोदरपणाआधीपासूनच ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी औषधं यांनी धोका वाढतो. (ही औषधं मनाने बंद करायची नाहीत, आधी डॉक्टरांशी बोलून बदलायची.) आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. हे "सापडत नाही" आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण आईला पकडतो.

मुलाची शस्त्रक्रिया केव्हाच झाली, गडी छान बडबडतो. मग आज हे का उकरतेय? कारण ती दोघं आता दुसऱ्या बाळाचा विचार करताहेत, आणि घरात चर्चा आहे ती शांत कुठे करायची याची! यावेळी ग्रहणात तिला अंधाऱ्या खोलीत बसवणार आहेत. शुगर तपासली का, फॉलिक ॲसिड सुरू केलं का, हे विचारणारं कुणी नाही.

ती गोळी दुभंगलेल्या ओठावर किती उपयोगी, याचा पुरावा तितकासा पक्का नाही. पण मेंदू आणि पाठीच्या कण्याच्या दोषांबाबत तो 1991 च्या ब्रिटिश प्रयोगापासून पक्का आहे. आधी असं मूल झालेल्या बायकांमध्ये तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण त्या गोळीने 70 टक्क्यांहून जास्त घटलं. मेख अशी की ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळी चुकली, डॉक्टरकडे गेलो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून गोळी निदान महिनाभर आधीपासून हवी. साधारणपणे रोज 400 मायक्रोग्रॅम, बाकी डॉक्टर सांगतील तसं.

पुन्हा तसंच मूल होण्याची शक्यता अशा जोडप्यात साधारण शंभरात चार. म्हणजे शहाण्णव वेळा काहीच होणार नाही, आणि श्रेय शांतीला जाणार, हेही मला दिसतंय. असो.

काकू, मावशी, आत्या, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर त्या दोघांना, दोघांनाही, डॉक्टरकडे घेऊन जा. आणि तिच्यासमोर कोथिंबिरीचा विषय काढू नका. गेल्या महिन्यात तिने मला विचारलं, "पण नक्की ना, मी काही केलं नव्हतं?"

तीन वर्षं झाली हो.