फिजिक्स शिकून पोट भरेल का?

नाशिकहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी बारावी सायन्सला. नीटचा क्लास सोडून ‘थिऑरेटिकल फिजिक्स’ करायचे म्हणते. तिच्या अब्बांचा सवाल एकच : याने पोट भरेल का?

सवाल रास्त आहे. पण आधी मुलीलाच विचारा, यातले नेमके काय करायचे? यूट्यूबवर कृष्णविवर आणि आइन्स्टाइनच दिसतात. प्रत्यक्षात घनपदार्थांचा सिद्धान्त ही फार मोठी शाखा आहे. चुंबकात, मोबाइलच्या चिपमध्ये असंख्य इलेक्ट्रॉन एकत्र कसे वागतात, ते गणिताने शोधायचे. सांख्यिकी भौतिकशास्त्राचे गणित तर वाहतुकीच्या कोंडीलाही लागू पडते. क्वांटम संगणनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वतंत्र मिशन मंजूर केले. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनेची ओढ सर्वांनाच. जागा मात्र मोजक्या. तरीही शेजारच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूरला १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनचा सिद्धान्त नव्या चलांत मांडला आणि त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ ही शाखा उभी राहिली.

आता पैशाचे. बी.एस्सी. नाशिकातच होईल, घर सोडायला नको. पुढे आयआयटीत एम.एस्सी.साठी ‘जॅम’, संशोधनासाठी ‘जेस्ट’ किंवा टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. त्यानंतर पोस्ट-डॉक, बहुधा परगावी किंवा परदेशी. कायमची नोकरी अनेकांना तिशी उलटल्यावरच लागते आणि काहींना लागतही नाही. हे घरात आजच बोलून घ्या, लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर नव्हे. वाट मध्येच सोडणाऱ्यांना गणित आणि प्रोग्रॅमिंगच्या बळावर बँका, डेटा कंपन्यांत काम मिळते, हेही अब्बांना सांगा.

शाखा मात्र आज ठरवायची घाई नको. पदवीच्या काळात उन्हाळी सुट्टीत विज्ञान अकादमींची फेलोशिप मिळते; एखाद्या संशोधकाच्या हाताखाली दोन महिने काढले की आवड खरी की ऐकीव, ते कळते. त्याआधी येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुणे रस्त्याने नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. दुर्बीण म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे खरे. पण संशोधन करणारी मुले-मुली तिथे भेटतील. अब्बांनी आपला सवाल त्यांनाच विचारावा.