चावडी कुणाच्या बापाची?

जुन्या चावडीवर उसासे टाकणाऱ्यांचं पीक हल्ली फार आलंय. दगडी जोतं, सागवानी खांब, रंगलेल्या गप्पा! आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी ते खांब जोत्याखालून, उन्हात उभं राहून बघितलेत.

इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचं ठाणं. भोवतालच्या गावांत भर पेठेत चावडी असायची. वर पाटील-कुलकर्णी, खाली आमचा येसकर. टपाल न्यायचं, साहेबाचं सामान व्हायचं, साऱ्यासाठी माणसं बोलवायची, मयताची खबर परगावी पोचवायची. 1874 च्या वतन कायद्यानं ही वेठ पक्की बांधली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं ते हाच दोर कापायला. तो कापायला सरकारला 1958 उजाडलं!

मग चावडीचे धनी बदलले. कुलकर्ण्याचं वतन 1950 च्या कायद्यानं गेलं, मुलकी पाटलाचं 1962 च्या. तलाठी बसला. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कुठं पंचायत भरली, कुठं मतपेट्या आल्या. आज तर सरकारची ‘आपली चावडी’ मोबाइलमध्ये शिरलीय. खुद्द इस्लामपूरचं 2025 साली ईश्वरपूर करायचं ठरलं. पाट्या बदलायला यांचा हात कधी आखडत नाही.

मी गोदीत राबतो. शेडमध्ये आज साखर, उद्या खत. माल बदलतो, पण ओझ्याखालची पाठ बदलत नाही. चावडीचंही तेच झालं.

कारण सवाल इमारतीचा नाहीच, दप्तराचा आहे. 1958 च्या कायद्यानं वतनी जमीन सरकारजमा झाली. कब्जेहक्काची रक्कम भरली तर नव्या शर्तीवर परत मिळायची, कलेक्टरच्या परवान्याशिवाय विकायची न्हाई. ज्यांच्या हातात कधी रोकड टिकली नाही, त्यांनी रक्कम कुठून आणायची? 1966 चा महसूल कायदा सांगतो, फेरफाराची नक्कल चावडीत ठळक जागी लावा. हरकतीला पंधरा दिवस. ज्याच्या बापाला पायरी बंद होती आणि ज्याला पोटानं मुंबईला हाकललं, त्यानं ती भिंत वाचायची कधी? नोटीस लागली, मुदत संपली, नोंद मंजूर! मारहाण नको, शिवी नको, नुसता शिक्का पुरे.

आणि हे आम्हाला सांगतात, चावडी हा गावाचा वारसा. असेल. मग त्यातला आमचा वाटा कुठाय?

तेव्हा भावांनो, जत्रेला गावी जाता, नवा शर्ट घालून मिरवता, तसं एकदा दप्तर बघायलाही जा. आज्याच्या नावचा जुना उतारा काढा. एकेक फेरफार वाचा. मोबाइलवर सिनेमा बघता, तिथंच ‘आपली चावडी’ उघडून आपल्या गावची नोटीस बघा. हरकत असेल तर लेखी द्या, पोच घ्या. एकट्याला हुसकावतील, म्हणून दहाजण जा.

आणि जाल तेव्हा जोत्याखाली थांबू नका. सरळ वर चढा, खुर्ची ओढा, बसा.