सवलत गेली, बचत जाऊ नये

मार्च महिना आला की नोकरदारांच्या घरात एकच लगबग. टॅक्स वाचवायचाय, पीपीएफमध्ये भरा, विम्याचा हप्ता भरा! जुन्या करपद्धतीत अशा गुंतवणुकीवर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळते. नवऱ्याने बायकोच्या पीपीएफ खात्यात पैसे भरले तरी ती मिळते. त्यामुळेच कितीतरी गृहिणींच्या नावावर चार पैसे साठले. प्रेमापोटी थोडे, टॅक्सपोटी जास्त!

पण २०२० मध्ये नवी करपद्धत आली. २०२३-२४ पासून, तुम्ही वेगळं कळवलं नाही तर तीच लागू होते. तिच्यात कराचे दर कमी आहेत, पण ही वजावट नाही. त्यातच २०२५ च्या अर्थसंकल्पाने पगारासारख्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत कर माफ केला. हातात पैसे जास्त उरतात, हे चांगलंच झालं. पण मग घरातून सूर निघतो, "आता टॅक्सच नाही, तर तुझ्या खात्यात कशाला भरायचे?"

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. सवलत नवऱ्याच्या करात मिळत होती, पण साठत होती ती आपल्या म्हातारपणाची पुंजी. सवलत गेली म्हणून म्हातारपण थोडंच टळणार आहे? पेन्शनवाल्या घरातही नवऱ्यामागे पूर्ण पेन्शन मिळेलच असं नाही. केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत जोडीदाराला ६० टक्केच मिळते. दुकानदार, शेतकरी, रिक्षावाला यांच्या घरी तर पगारी पेन्शनचं नावच नाही.

तेव्हा खातं बंद पडू देऊ नका. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी ते चालू राहतं, आणि त्याचं व्याज नव्या पद्धतीतही करमुक्त आहे. स्वतः आयकर न भरणाऱ्या, १८ ते ४० वयाच्या बहिणींना अटल पेन्शन योजनाही आहे. साठीनंतर दरमहा १ ते ५ हजार रुपये, जसा हप्ता तशी पेन्शन. नवऱ्याच्या खात्यांवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे, तेही एकदा विचारून घ्या.

महिन्याच्या किराण्याचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. त्याच वहीत एक ओळ आपल्या उतारवयासाठीही हवी. सरकार सवलत देवो, न देवो.