जंताचं नवं औषध येईल, पण टिकेल का?



पावसाळा लागला की शेळी-मेंढीवाल्यांचा एकच प्रश्न: "जुन्या औषधाने फरक पडत नाही, नवीन कधी येतंय?" रोखठोक सांगतो. पाजायची पद्धत हीच राहणार असेल, तर नवीन औषधही चार-पाच वर्षांत जुन्यासारखंच निकामी होईल.

आधी शत्रू ओळखा. पावसाळ्यात कळप लोळवतो तो मुख्यतः हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा. एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. मग पापण्या पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाणी, आणि करडू आडवं.

मेडिकलमध्ये यावर ढीगभर नावांच्या बाटल्या मिळतात. पण घाव कुठे बसतो ते बघा. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल दोन्ही जंताच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. लेव्हामिसोल स्नायूंवरच्या रिसेप्टरला, आयव्हरमेक्टिन नसा-स्नायूंतल्या क्लोराईड चॅनेलला. क्लोझँटेलसारखी एखाद-दुसरी वेगळी. म्हणजे ब्रँड बदलला तरी घाव बहुतेक वेळा जुन्याच जागी. आणि ती जागाच बदललेले जंत वाचतात. ट्युब्युलिनमधलं 200 क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं, की अल्बेंडाझोल नीट चिकटत नाही.

शास्त्रज्ञ नवीन जागा शोधतायत, आणि ते काम झालंच पाहिजे. पण जागा अशी हवी की तिच्याशिवाय जंत जगू नये, आणि जनावराला इजा होऊ नये. हिमोंकसचा जीनोम 2013 साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हजारो जनुकं चाळणं चालू आहे. ते आठवड्याच्या बाजाराइतकं सोपं नाही.

आता इतिहास ऐका. थायाबेंडाझोल 1961 ला आलं, 1964 ला त्याला न जुमानणारा हिमोंकस नोंदला गेला. मोनेपँटेल तर अगदी नव्या जागेवरचं, फक्त गोलकृमींमध्ये असणाऱ्या रिसेप्टरवरचं. 2009 ला न्यूझीलंडमध्ये बाजारात आलं. 2013 ला तिथल्याच एका फार्मवर जंत त्याला पुरून उरल्याची नोंद झाली. चार वर्षं फक्त!

काहीजण म्हणतात, कंपन्यांना शेळीवाल्याची पडलेली नाही. असेलही. म्हणूनच सरकारी पैशातून हे संशोधन व्हावं, ही मागणी रास्त आहे. पण कृषी आणि पशुवैद्यकीय खात्यातल्या साहेबांना माझा सवाल आहे. शास्त्रज्ञाचं टार्गेट म्हणजे जंताचं मर्म. आपल्या शिबिराचं टार्गेट म्हणजे किती डोस वाटले. किती जंत मेले, हे कोण मोजतं? दिसेल त्या जनावराला अंदाजाने पाजलं, की कच्च्या डोसात तगडे जंत तेवढे वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच निघते.

तेव्हा आपण काय करायचं?

1. पाजण्याआधी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी लेंडी तपासून घ्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली, तर त्या औषधावर संशय घ्या.
2. डोस वजनावर द्या. शेळीच्या अंगातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, म्हणून मेंढीचं माप शेळीला लावू नका. पण मनाने वाढवूही नका, डॉक्टरांना विचारा.
3. सरसकट पाजू नका. पापणी बघून फिकट जनावरं निवडा. बाकीच्यांच्या पोटात औषध न लागलेले जंत राहतात, तेच तगड्यांची पैदास पातळ करतात.
4. विकत आणलेलं जनावर आधी वेगळं बांधा, लेंडी तपासा, मगच कळपात सोडा.

नवीन जागा शोधायला शास्त्रज्ञाचं अर्धं आयुष्य जातं. ती जाळायला आपल्याला चार पावसाळे पुरतात. म्हणून नवीन बाटलीच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात लेंडी तपासणी मागा. तुमच्याकडे होते का? होत असेल तर किती दिवसांत रिपोर्ट मिळतो, तेवढं खाली लिहा.