रिपोर्ट नॉर्मल, पण डोळे?

हल्ली भिशीत साड्यांच्या जोडीला एचबीएवनसीचीही चर्चा रंगते. ‘माझं सात आलं’, ‘माझं साडेआठ’... बारावीचे मार्क सांगावेत तसे आकडे! मला हे आवडतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हा हिशेब डोळ्यांबद्दलही बरंच सांगतो. टाइप-१ मधुमेहींवर अमेरिका-कॅनडात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३मध्ये आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत दृष्टिपटलाचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. क्रिएटिनिन वाढलं, मूत्रपिंडं थकू लागली, तर डोळ्यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांकडेही लक्ष द्यायलाच हवं.

पण रक्ताचा रिपोर्ट म्हणजे डोळ्यांचा रिपोर्ट नव्हे, हे मात्र आपण विसरतो.

त्यात आपल्या बायकांची एक वेगळीच गोची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. खूप रक्तस्राव झाला असेल तर कमी. म्हणजे आकडाच फसवा! शिवाय हिमोग्लोबिन कमी असलेल्या मधुमेहींमध्ये डोळ्यांचा विकार अधिक गंभीर आढळतो. तेव्हा साखरेसोबत हिमोग्लोबिनचा आकडाही डॉक्टरांना दाखवा.

आणि डोळ्यांचं काय? सुरुवातीला ना दुखत, ना खुपत. सुईत दोरा ओवता येतो, म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि पडदा तपासायचा, ही तपासणी टाइप-२ मधुमेह कळल्याबरोबर करायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. मधुमेही मुलीला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच. कारण गरोदरपणात हा विकार वाढू शकतो.

थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी लागतं. घोडं अडतं ते इथेच. नवऱ्याच्या तपासणीला बायको फाइल सांभाळत बसते. तिची वेळ आली की ‘यांना सुट्टी नाही’, ‘मुलांची परीक्षा आहे’. वेळेत कळलं तर लेसरने, इंजेक्शनने नजर वाचवता येते. उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

म्हणून म्हणते, घरात स्पष्ट सांगा, ‘अमुक तारखेला माझे डोळे तपासायचेत, तुम्ही सोबत यायचंय.’ हे लाड नाहीत, बाई. वर्षातून अर्धा दिवस तुमचा हक्काचा आहे.