चीज विकले, पण जपणार कोण?

चीज तयार करणाऱ्याची जबाबदारी डेअरीच्या फाटकाशी संपते, हा समज आपल्या धंद्यात इतका रुळला आहे की त्यावर कधी चर्चाही होत नाही. फाटकाच्या आत आपण डोळ्यांत तेल घालून काम करतो. दुधाचे फॅट आणि आम्लता तपासतो, 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद पाश्चरायझेशन करतो, कल्चर आणि रेनेट मोजूनमापून घालतो, मुरवणीच्या खोलीचे तापमान आणि आर्द्रता रोज वहीत नोंदवतो. एवढ्या निगराणीतून तयार झालेला माल बाहेर पडतो तेव्हा त्याच्या वेष्टनावर निगेबद्दल बहुधा एकच ओळ असते: थंड जागी ठेवा. तीच ओळ क्यूबच्या डब्यावर, तीच चेडरवर, तीच ब्रीवर. पुढे दुकानाच्या चिलरमध्ये ही सगळी मंडळी एकाच फळीवर बसतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी एकाच कप्प्यात जातात. मग महागाचे चीज कोरडे, उग्र किंवा बेचव निघाले की दोष बनवणाऱ्याच्या माथी येतो. आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक प्रकाराची निगा वेगळी सांगणे हा उत्पादनाचाच एक टप्पा मानला पाहिजे आणि उत्पादक, दुकानदार व शेफ या तिघांनी तो आपापल्या जागी पुरा केला पाहिजे.

ही एका ओळीची सवय आपल्याला लागली ती प्रोसेस्ड चीजमुळे. स्वित्झर्लंडमधल्या टून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी 1911 मध्ये एमेंटाल चीज सायट्रेट क्षारासह गरम करून एकजीव केले. उष्ण प्रदेशात पाठवलेला माल टिकावा हाच त्यामागचा हेतू होता. पाठोपाठ 1916 मध्ये जेम्स क्राफ्ट यांनी अमेरिकेत आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. या प्रक्रियेत जिवाणू मोठ्या प्रमाणावर मरतात, विकरांचे काम थांबते, फॅट आणि पाणी पुन्हा वेगळे होत नाही. थोडक्यात, चीजचे मुरणे त्या क्षणी संपते. उन्हाळा कडक आणि विजेचा भरवसा कमी अशा देशात डबा, क्यूब आणि स्लाइस यांच्यावर बाजार उभा राहिला यात नवल नाही आणि त्याला नावे ठेवण्याचेही कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. मुरणे थांबलेल्या मालासाठी पुरेशी असलेली साठवणूक आपण मुरत असलेल्या मालालाही लावून मोकळे झालो.

नैसर्गिक चीज कसे जपायचे हे मुख्यतः त्यातल्या पाण्यावर ठरते. किमान 12 महिने मुरवलेल्या पार्मिजानो रेज्जानोत पाणी सुमारे 30 टक्के, चेडरमध्ये 37च्या आसपास, ब्रीमध्ये जवळपास निम्मे आणि ताज्या मोझरेलात त्याहूनही जास्त. पहिल्या दोघांचा शत्रू कोरडेपणा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची हवा ओलावा ओढून घेते, म्हणून कापलेला तुकडा आधी बटर पेपरात नीट गुंडाळून मग सैल पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात घालावा आणि भाज्यांच्या कप्प्यात ठेवावा. तिथे हवा तुलनेने दमट असते. ब्री किंवा कॅमेम्बेरचे दुखणे उलटे. त्यांच्या सालीवरची पेनिसिलियम कॅमेम्बेर्टी ही बुरशी जिवंत असते. क्लिंग फिल्मने आवळले की साल घामेजते, चिकट होते आणि अमोनियाचा वास कोंडून राहतो. शिवाय हे चीज सालीकडून आत मुरत जाते. ते अर्धे कच्चे असतानाच चार अंशांवर टाकले तर अढीतून अवेळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या आंब्यासारखी त्याची गत होते. ताजा मोझरेला त्याच्या पाण्यातच ठेवावा आणि पाकीट फोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावा. निळ्या चीजची तऱ्हा आणखी वेगळी. फ्रान्समध्ये रोकफोर हे नाव फक्त कोंबालू डोंगराच्या दमट, थंड गुहांत मुरलेल्या मेंढीच्या दुधाच्या चीजलाच लावता येते, कारण तिथली हवा त्याच्या घडणीचाच भाग मानली जाते. असे चीज फॉइलमध्ये गुंडाळून स्वतंत्र डब्यात ठेवावे. त्याची बुरशी शेजारच्या तुकड्यांवर सहज जाते. एवढ्या भिन्न गरजा 'थंड जागी ठेवा' या तीन शब्दांत मावणार तरी कशा?

साठवण चुकली की माल वाया जातो हे निदान डोळ्यांना दिसते. वाढण्यात चूक झाली तर काहीच दिसत नाही, फक्त चव हरवते. दुधातले फॅट एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, ते टप्प्याटप्प्याने मऊ होत जाते. फ्रिजमधल्या चार अंशांना त्यातले बरेचसे घट्ट असते आणि गंध देणारी द्रव्येही त्या थंडीत फारशी हवेत उतरत नाहीत. म्हणून फ्रिजमधून काढून लगेच खाल्लेले उत्तम चेडरही मेणासारखे लागते. यावर युरोपातली पुस्तके चीज तासभर आधी बाहेर काढायला सांगतात. आपल्याकडचे शेफ आणि दुकानदार तो सल्ला जसाच्या तसा पुढे देतात, तेव्हा एक गोष्ट निसटते: तो सल्ला विशीतल्या तापमानाच्या खोलीसाठी आहे. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात पंख्याखाली तासभर ठेवलेल्या चेडरवर तेल सुटते आणि ब्री बशीभर पसरते. आपल्यासाठी घड्याळापेक्षा थर्मामीटर भरवशाचा. तुकड्याच्या आतले तापमान 18 ते 20 अंश झाले की चीज तयार समजावे. एसी खोलीत लहान तुकड्याला त्यासाठी अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो, उन्हाळ्यात एसीविना त्याहून बराच कमी. लागेल तेवढाच भाग कापून बाहेर काढावा. ब्रीची फोड टोकापासून सालीपर्यंत लांब पाडावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मऊ गाभा आणि साल दोन्ही येतात. ताटात क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा, कारण निळ्या चीजनंतर मोझरेलाची गोडी जिभेला कळतच नाही. आणि किसायचे ते आयत्या वेळी. किसल्याने उघडी बाजू अनेक पटींनी वाढते आणि गंध तितक्याच लवकर उडतो.

याला पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलका नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात मऊ मेक्सिकन धाटणीच्या चीजमधून त्याची साथ पसरली आणि गरोदर स्त्रिया व त्यांची बाळे यांना तिचा सर्वांत मोठा फटका बसला. मग तापमानाबद्दल एवढी मोकळीक कशाला, सरसकट चार अंशांचा नियमच बरा, असे गुणवत्ता विभागातले सहकारी म्हणतील. पण हे उदाहरण सरसकट नियमाची बाजू घेत नाही. धोका पाण्याने भरलेल्या मऊ चीजमध्ये मोठा आणि कोरड्या, खारट, दीर्घकाळ मुरलेल्या चीजमध्ये कितीतरी लहान. म्हणूनच मऊ चीज काटेकोरपणे चार अंशांच्या आत ठेवा, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी वेष्टनावर स्वतंत्र इशारा छापा, असे आम्ही म्हणू. ब्रीच्या मुरवणीसाठी लागणारी ऊब ही उत्पादकाच्या नियंत्रित खोलीची बाब आहे, दुकानदाराने ती आपल्या फळीवर करून पाहू नये. बाहेर काढलेले चीज 32 अंशांवरच्या हवेत तासाभरापेक्षा जास्त राहिले तर ते पुन्हा फ्रिजमध्ये न जाता टाकून दिले जावे. कडक चीजवर बाहेरची बुरशी दिसली तर तिच्याभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग खोलवर कापून उरलेला वापरता येतो. मऊ चीजवर तीच बुरशी दिसली तर सगळा तुकडा टाकावा लागतो. प्रकारानुसार सूचना देण्याने सुरक्षितता वाढते ती अशी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान दुकानदाराने चार प्रकारांसाठी चार चिलर घ्यावेत काय? मुळीच नाही. झाकणाचे वेगवेगळे डबे, बटर पेपर, कापण्याच्या निराळ्या सुऱ्या आणि कमी मालाची वारंवार मागणी एवढ्यावर बरेच भागते. माल टिकावा म्हणून सगळेच डीप फ्रीझरमध्ये घालण्याचा मार्ग मात्र स्वस्त वाटला तरी महाग पडतो. बर्फाचे स्फटिक प्रथिनांची जाळी मोडतात आणि वितळल्यावर चीज भुसभुशीत होते. पिझ्झावर वितळणार असलेल्या किसलेल्या मोझरेलाला ते चालते, ताटात मांडायच्या चेडरला नाही. व्हॅक्यूम पॅकिंग कडक चीजच्या वाहतुकीसाठी उत्तम, फक्त पाकीट फोडल्यावर काही मिनिटे त्याला हवा लागू द्या, एवढे गिऱ्हाइकाला सांगायला हवे. खर्चाची दुसरी बाजूही मांडू. एक किलो चेडरला साधारण दहा लिटर दूध लागते. म्हणजे फ्रिजच्या कोपऱ्यात वाळून गेलेला शंभर ग्रॅमचा तुकडा म्हणजे एक लिटर दूध. बटर पेपरचा एक तुकडा याहून महाग नक्कीच नाही.

तिसरा आक्षेप असा की गिऱ्हाईक वाचतच नाही, त्याला फक्त वितळणारे चीज हवे असते. वितळणाऱ्या चीजपुरते हे खरेही असेल. पण जो माणूस क्यूबच्या कितीतरी पट किंमत मोजून मुरलेले चीज घेतो, तो चवीसाठीच पैसे देत असतो आणि ती चव घरी पोचली नाही तर दुसऱ्यांदा येत नाही. सुट्या मिठाईसमोर 'किती दिवसांत खावी' याची तारीख लावण्याचा नियम ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला, तेव्हाही हे कोण वाचणार असे म्हटले जाऊ शकले असते. कापून विकल्या जाणाऱ्या चीजवर कापल्याची तारीख लिहायला आपल्याला नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून या महिन्यात प्रत्येक वाचकाने एक काम हाती घ्यावे. उत्पादकांनी आपल्या प्रत्येक नैसर्गिक चीजच्या वेष्टनावर तीन ओळी मराठीत छापाव्यात: कशात गुंडाळावे, फोडल्यावर किती दिवसांत संपवावे, खाण्याआधी किती वेळ बाहेर काढावे. दुकानदारांनी कापलेला तुकडा क्लिंग फिल्मऐवजी बटर पेपरात द्यावा आणि त्यावर तारीख घालावी. शेफनी ताट पाठवण्यापूर्वी एकदा थर्मामीटर लावून पाहावा. यातल्या कशासाठीही नवे यंत्र लागत नाही. मुरवणीच्या खोलीत महिनोन्महिने घालवलेली मेहनत शेवटच्या दोन दिवसांत वाया जाऊ द्यायची नसेल, तर एवढे करणे आपल्या हातात आहे.